परतीची हवा

या सदरात लिहिणाऱ्यांवर मी आजवर फक्त टीका केली आहे. प्रत्येक अनुभवाखाली "पुरावा काय?" असं विचारून रंगाचा बेरंग करणारी एक बाई तुम्हाला आठवत असेल, तर ती मीच. त्यामुळे आज माझ्या लिहिण्याखाली कुणी तोच प्रश्न टाकला तर मला राग येणार नाही. उत्तर मात्र देता येणार नाही... आणि हेच मला गेलं वर्षभर खातंय.

मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढले. भिंतीवर दोन तसबिरी, बाकी सगळी जागा पत्रकांना. पप्पा संघटनेचं काम करायचे. गठ्ठे पलंगाखाली, माळ्यावर, पाण्याच्या पिंपामागे. मी अक्षरं जुळवून वाचलेले पहिले शब्द "जाहीर निषेध" हे होते, असं आई अजून हसत सांगते. मुलीचं नाव क्रांती ठेवल्यावर दुसरं काय होणार! कॉलेजात असताना मी स्वतः एक पत्रक लिहिलं होतं — भूत, भानामती, अंगात येणं, सगळ्यांचा समाचार घेणारं. ते अजून वाटलं जातं. त्यातलं एकही वाक्य मी आज मागे घेत नाही. एवढं सांगून मूळ गोष्टीकडे वळते.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. चाळीच्या जागी टॉवर उभा राहतोय, तोवर आम्ही परळला भाड्याच्या खोलीत राहतो. आम्ही म्हणजे आई, पप्पा, मी आणि माझे आजोबा — आबा. आबांनी उभी हयात गिरणीत काढली, रिंग खात्यात, म्हणजे जिथे सूत कातलं जातं तिथे. कापसाची पूड श्वासाबरोबर आत गेली ती आतच राहिली. ऐंशी उलटल्यावर फुप्फुसांनी हात टेकले. आता नाकाला नळी आणि शेजारी विजेवर चालणारं ऑक्सिजनचं मशीन, अखंड. ते मशीन फार वेळ बंद राहून चालत नाही.

आणि त्या दिवशी सकाळी आमच्या बिल्डिंगची मेन केबल जळाली.

पंखा बंद, मशीन बंद. घरातला छोटा सिलेंडर होता तो लावला, पण तो अर्धाच होता. बाहेर असा उकाडा की भिंतीला हात लावला तरी चटका बसावा. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "थंड जागेत ठेवा, मशीन चालू ठेवा. जमत नसेल तर ॲडमिट करा." ॲडमिट हा शब्द ऐकताच आबांनी मान फिरवली. मागच्या खेपेला हॉस्पिटलातून परत आले तेव्हा त्यांनी पप्पांकडून वचनच घेतलं होतं — मला पुन्हा तिथं मरायला नेऊ नका. पप्पा वीजवाल्यांच्या मागे धावत गेले, आई ड्युटीवर होती. मी दिनेशला फोन लावला.

दिनेश माझा कॉलेजपासूनचा मित्र. लालबागचा मालवणी, तोंड कधी बंद नाही. त्याच्याकडे एक व्हॅनिटी व्हॅन आहे. बसएवढी गाडी, आत एसी खोल्या. शूटिंगला नट-नट्यांना बसायला भाड्याने देतात ती. त्याचं शूटिंग दोन दिवस थांबलं होतं आणि व्हॅन आमच्यापासून दहा मिनिटांवर, एका बंद गिरणीच्या कंपाउंडमध्ये उभी होती.

"अगो, मग विचारतेस काय? आण आबांना," तो म्हणाला. "जनरेटर आहे, एसी आहे, सोफा आहे. हिरोला जो थाट तोच आपल्या आबांना."

खुर्चीसकट उचलून, मी, दिनेश आणि गेटवरचा वॉचमन अशा तिघांनी आबांना व्हॅनमध्ये चढवलं. सिलेंडर तोवर संपलाच. मशीन लावलं. बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा ब्याण्णवच्या आसपास आला तेव्हा कुठे मी पाणी प्यायले.

आता व्हॅनची रचना नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. आत दोन खोल्या. पुढची लहान, मागची मोठी. दोन्हींना बाहेरून वेगवेगळे दरवाजे. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन, त्यात दार नाही. आबांना आम्ही पुढच्या खोलीत ठेवलं होतं. मागच्या खोलीत कपड्यांच्या पेट्या छतापर्यंत रचलेल्या, आणि तिच्या दाराला कुलूप. पुढचा एसी बिघडलेला, म्हणून सगळा कारभार मागच्या खोलीवरच्या एकाच एसीवर. त्याची थंड हवा छतातल्या पोकळीतून पुढे येणार, आमच्या डोक्यावरच्या झडपेतून खाली पडणार आणि पार्टिशनच्या तळाशी असलेल्या जाळीतून परत मागे जाणार. पार्टिशनमध्ये आणखी एक गोष्ट होती. सोफ्यावर बसलं की तोंडाच्या उंचीला येईल असं एक बारीक भोक. कधीतरी टीव्हीची वायर तिथून ओढली होती म्हणे.

पहिला तासभर हवा काही केल्या पुढे येईना. मागची खोली फ्रीज झाली आणि आम्ही भट्टीत.

"पेट्यांना स्वेटर घालायची वेळ आली," मी म्हटलं.

"थांब गो, कॉम्रेड. मागच्या झडपा अर्ध्या बंद करतो. आणि ती खालची जाळी बघितलीस? तिच्यापुढे काय ठेवू नको. हवा नुसती सोडून भागत नाय. तिला परत जायला वाट लागते. परतीची वाट अडवलीस की एसी बोंबलला."

हवा कुठून येते, कुठे जाते ते कळायला मी बॅगेतल्या एका पत्रकाच्या पट्ट्या कापून झडपेला आणि जाळीला चिकटवल्या. आबा बघत होते. नळीच्या आडून हसले.

"कागद जड असतो, बाय. सूत लाव. हवा सुताला कळते."

उशीचा कोपरा उसवलेला होता. त्यातला कापूस त्यांनी चिमटीत घेतला आणि मांडीवर दोन बोटांनी पिळायला सुरुवात केली. बघता बघता दोरा. हात थरथरतात त्यांचे, चहाचा कप धरवत नाही. पण दोरा काढताना एकही थरथर नव्हती. एक दोरा झडपेला बांधला, एक जाळीला. तिसरा त्यांनी स्वतःच हात लांब करून त्या भोकाच्या कडेला चिकटवला, थुंकी लावून.

दिनेशने मागच्या झडपा जुळवल्या. वरचा दोरा खाली फडफडला, जाळीचा दोरा आत ओढला गेला. खोली थंड व्हायला लागली.

"जमलं!" दिनेश बाहेरून ओरडला.

आबा खिडकीच्या काळ्या काचेतून पलीकडची भिंत बघत होते. विटांची, वर तिरक्या काचांचं छप्पर.

"ही कुठली गिरणी रे?" त्यांनी आत आलेल्या दिनेशला विचारलं. त्याने नाव सांगितलं.

आबांनी पुन्हा भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग ही भिंत विणकाम खात्याची. इथं आमाला येऊ देत नव्हते."

हा इतिहास मी पत्रकांत वाचला होता, स्वतः लिहिलाही होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कापड विणायच्या मागावर धोटा असतो — होडीच्या आकाराचा, दोरा इकडून तिकडे नेणारा. त्याच्या पोटात सुताची कांडी. कांडी संपली की नवी घालायची आणि तिचं टोक धोट्याच्या कडेच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. त्या भोकात बोट जात नाही, नख जात नाही. मग विणकर भोकाला ओठ लावून श्वास झटकन आत ओढायचा. च्क! दोरा बाहेर. दिवसातून असं किती वेळा. आणि तोच धोटा पुढच्या पाळीत दुसऱ्याच्या ओठांना. आमच्या माणसांच्या ओठांना लागलेला धोटा बाकीच्यांना चालत नव्हता, विटाळ व्हायचा. म्हणून जास्त पगाराचं ते खातं आम्हाला बंद. कायदा झाला, बंदी कागदावरून उठली. खात्यातून उठायला फार वर्षं गेली.

हे सगळं मला पाठ होतं. पण आबा पुढे जे बोलले ते कुठल्या पत्रकात नव्हतं.

"माझा बाप या खात्याच्या दाराशी उभा राहून काम शिकला. झाडू मारायला यायचा, बघून घ्यायचा. हात तयार होते त्याचे. हात चालत होते सगळ्यांना. तोंड चालत नव्हतं."

दिनेश खाली बघत होता. मग हळूच म्हणाला, "माझा आजो मागावर होता, आबा."

"ह्याच गिरणीत?"

"नाय माहीत."

"असेल," आबा म्हणाले. रागाने नाही. आणि डोळे मिटले.

दिनेश जेवायला काही आणायला गेला. मी जमिनीवर बसून मोबाइलवर लिहीत होते. दुपार होती, पण काळ्या काचांमुळे आत संध्याकाळ वाटत होती. जनरेटरची घरघर, मशीनची धडधड. कधीतरी माझं लक्ष जाळीच्या दोऱ्याकडे गेलं.

हवा आत जात असेल तर दोरा आत ताणलेला राहायला हवा. तो ताणत होता आणि सुटत होता. आत... ढिला. आत... ढिला. मध्ये थोडा वेळ थांबून पुन्हा आत.

मी स्वतःला म्हटलं, एसीचा पंखा कमी-जास्त होतोय. मग आबांच्या छातीकडे पाहिलं. ती खाली जात होती तेव्हा दोरा आत ओढला जात होता. प्रत्येक वेळी. आबांनी सोडलेला श्वास जणू कुणीतरी लगेच ओढून घेत होतं. आणि आबांचा पुढचा श्वास मागच्यापेक्षा थोडा आखूड.

ऑक्सिमीटर. सत्त्याऐंशी.

नळी तपासली, मशीन तपासलं. सगळं ठीक. मग मान वर केली तर भोकाशी चिकटवलेला दोरा दिसेना. वीतभर लांब दोरा होता तो. जवळ जाऊन पाहिलं तर नखभर टोक बाहेर, बाकीचा भोकातून पलीकडे गेलेला.

दिनेश वडापाव घेऊन आला तेव्हा मी त्याच जागी उभी होते.

"हा तू आत ढकललास?"

"मी कशाला ढकलू? मी वडे आणायला गेलो होतो."

मी टोक धरून हलकेच ओढलं. थोडा दोरा बाहेर आला... आणि तो ओला होता. सुतावर थुंकीचा पांढरा फेस. मी तो दिनेशपुढे धरला. तो दोन पावलं मागे सरकला.

"हात लाव ना," मी म्हटलं. "का? आबांची थुंकी असेल म्हणून?"

असं का बोलले मी... भीतीला रागाचं रूप देणं मला सोपं जातं, म्हणून असेल. दिनेशचा चेहरा उतरला.

"क्रांती, शिव्या घाल पण असं बोलू नको. आबांची थुंकी दोरा चिकटवताना लागली, सकाळी. ती सुकली नसती का एव्हाना? भीती वाटली मला, बाकी काय नाय गो."

आम्ही दोघं बाहेर जाऊन मागच्या खोलीचं कुलूप उघडलं. दार उघडताच थंडीचा लोट अंगावर आला. पेट्या जशा रचल्या तशा. खाली जाळीपुरती फट सोडली तर पार्टिशनला अगदी चिकटून पेट्यांची भिंत. भोकापर्यंत उंदीर पोचला असता, माणूस नाही. कुणी नाही. वासही फक्त डांबर-गोळ्यांचा. दिनेशने पुन्हा कुलूप घातलं. 

आत आल्यावर मी काळी चिकटपट्टी घेतली आणि भोकावर लावली. मग जाळीवरही आडव्या पट्ट्या ओढायला लागले.

"जाळी नको बंद करू!" दिनेश म्हणाला. "सांगितलं ना तुला..."

"हीच जाळी आबांच्या खोलीतली हवा ओढून नेतेय. थंड हवा इथेच राहू दे थोडा वेळ."

तर्क म्हणून ते चुकीचं होतं, मला तेव्हाही कळत होतं. मला ती जाळी बंद हवी होती, बस. आबांनी डोळे न उघडता पुटपुटलं, "बंद नका करू, बाय. बंदच होतं ते." मी ऐकलं आणि शेवटची पट्टी दाबली.

काही मिनिटांत वरच्या झडपेचा दोरा लुळा पडला. हवा थांबली. मग बाहेर जनरेटरने दोन-तीन आचके दिले आणि तो बंद पडला. त्याबरोबर ऑक्सिजनचं मशीन. त्याची बारीक शिट्टी वाजायला लागली.

दिनेश बाहेर धावला. जनरेटर सुरू करायचा आवाज... घुर्र, घुर्र, बंद. पुन्हा. पुन्हा. मग त्याने दारातून तोंड घातलं, घामाने डबडबलेलं. "घेत नाय! ॲम्ब्युलन्सला फोन लाव, मी गेट उघडायला लावतो, साखळी आहे तिथं!" आणि पळाला.

मी फोन लावला, पत्ता सांगितला. येतो म्हणाले, पण ट्रॅफिक आहे. आबांना एकटीने उचलून बाहेर नेणं शक्य नव्हतं, आणि नेऊन तरी काय? बाहेर उन्हाची आग होती आणि आत हवा नव्हती. मी दार सताड उघडलं, जाळीवरच्या पट्ट्या ओरबाडून काढल्या, भोकावरची पट्टी काढली. पट्टीबरोबर दोरा हलला आणि त्याचं टोक आत सरकलं. आता ते भोकाच्या आत दिसत होतं, पण हाताला येत नव्हतं.

मशीनची शिट्टी मी बंद केली. सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत मी तो आवाज ऐकला.

च्क.

पार्टिशनच्या पलीकडून. ओठांचा आवाज. ओला, आखूड, सवयीचा.

च्क.

जाळीचा दोरा आत ओढला गेला. एसी बंद, जनरेटर बंद, दार उघडं, बाहेर पान हलत नव्हतं. तरी दोरा ताठ आत. आबांची छाती खाली बसली आणि वर यायला वेळ लागला. आकडा एक्क्याऐंशी.  मी सोफ्याला धरून गुडघ्यावर बसले. 

आबांनी माझं मनगट धरलं. ओठ निळसर झाले होते. एकेक शब्द मोजून बोलावा तसे बोलत होते.

"दोरा... अडकलाय. अर्ध्यात. तो ओढतोय... निघत नाही. निघेपर्यंत... ओढत राहील."

"कोण ओढतोय, आबा?"

"बाप असेल. नसेल. दाराशी उभा राहिलेला... कोणपण असेल." एक मोठा खंड. "इकडनं काढ. टोक लावून दे त्याचं."

"कसं काढू? हाताला येत नाही!"

आबा माझ्याकडे बघत राहिले. मला माहीत होतं कसं काढायचं. मी त्यावर अख्खं पत्रक लिहिलं होतं.

तरी मी आधी नखाने प्रयत्न केला. केसातली पिन घातली, ती टोक आणखी आत ढकलत होती. च्क. आकडा एकोणऐंशी. आबांची बोटं माझ्या मनगटावर ढिली पडायला लागली.

मी भोकाला ओठ लावले.

पुढचं लिहिताना आत्ताही माझ्या मानेवर काटा उभा राहतोय. प्लायवूड थंड होतं, पण भोकातून येणारी हवा थंड नव्हती. ती कोमट होती, दमट होती. तेलाचा आणि कापसाचा वास होता तिला, आणि खाली एक माणसाच्या तोंडाचा वास... रिकाम्या पोटी काम करणाऱ्या माणसाच्या तोंडाला येतो तसा. पलीकडे, प्लायवूडच्या जाडीएवढ्या अंतरावर, कुणीतरी ओठ लावलेले होते. मी ओढायच्या आधी त्याने ओढलं. माझ्या छातीतली हवा माझ्या परवानगीशिवाय निघून गेली. डोळ्यांपुढे काळं आलं. बरगड्या आत दाबल्या जाताहेत असं वाटलं, आणि मनात एकच विचार आला — आबांना तासभर हेच होत होतं.

मी ओठ काढले नाहीत. उरलेली सगळी ताकद लावून श्वास आत ओढला. झटकन, एकदाच.

च्क.

जिभेवर दोरा आला.

मी मागे कोसळले. दोरा तोंडात, ओला, तेलकट. आणि तेवढ्यात वरच्या झडपेचा दोरा फडफडला. थंड हवा. अंगावर, आबांच्या कपाळावर, उघड्या दारापर्यंत. मागे जाळीचा दोरा सरळ आत ताणलेला, स्थिर. न थांबता, न ढिला पडता. अगदी दिनेश म्हणाला होता तशी — हवा येत होती आणि परत जात होती.

आबांनी लांब श्वास घेतला. मग दुसरा. मशीन बंद होतं. नळीतून काहीच येत नव्हतं. आकडा चढत गेला... पंच्याऐंशी, एकोणनव्वद, त्र्याण्णव.

दिनेश दारात आला तेव्हा मी तशीच जमिनीवर होते. त्याने वर झडपेकडे पाहिलं, हवेखाली हात धरला, माझ्याकडे पाहिलं.

"जनरेटर कुणी लावला?"

"कुणी नाही."

तो बाहेर गेला. मी त्याची पावलं ऐकली, मग त्याचा किंचाळल्यासारखा आवाज, "बंद आहे गो! बंदच आहे!" मग घुर्र झालं आणि या वेळी पहिल्याच झटक्यात जनरेटर सुरू झाला. मशीन धडधडायला लागलं.

ॲम्ब्युलन्स आली, त्यांनी तपासलं. "ठीक आहेत की," म्हणाले, थोडे वैतागूनच. संध्याकाळी बिल्डिंगची वीज आली. पप्पा आले, आम्ही आबांना घरी नेलं.

घरी निघण्याआधी आबांनी तो दोरा मागितला. मी ओंजळीतून काढून दिला. त्यांनी तो बोटांत फिरवला, डोळ्यांजवळ नेला. त्यांनी सकाळी पिळलेला दोरा वीतभर होता, जाड, ओबडधोबड. बाहेर आला तो हातभर होता. अर्धा त्यांचा. उरलेला अर्धा बारीक, एकसारखा, यंत्रावरचा. आणि दोन्हींच्या मध्ये एक इवलीशी गाठ.

"रिंग खात्यात आम्ही गाठ मारत नाही," आबा म्हणाले. "तुटलं की पिळून जोडतो. ही मागावरची गाठ आहे." मग दिनेशला हाक मारून त्याच्या हातावर तो दोरा ठेवला. "बघ. नीट आलीय ना?"

या वेळी दिनेश मागे सरकला नाही. तो म्हणाला, "मला कळत नाय, आबा. आजोला कळलं असतं."

यावर मी वर्षभर डोकं लावलं आहे. तापलेल्या छतामुळे हवा आपोआप खेळली असेल? मग ती थंड कशी? जनरेटर बंद पडल्यावर पोकळीत थंड हवा साठून राहिली असेल? एसीच्या मेकॅनिकला विचारलं, तो म्हणाला, "मॅडम, दोन मिनिटं फार तर." घाबरल्यामुळे मला भास झाला असेल? शक्य आहे. पण भासाने ऑक्सिमीटरचा आकडा चढत नाही. पेट्यांतल्या एखाद्या कपड्याचा दोरा भोकात अडकला असेल आणि आबांच्या दोऱ्यात गुंतला असेल? गुंतला असता तर मी मानलं असतं. गाठ मारलेली होती. एका डॉक्टर मैत्रिणीने सांगितलं की बोटं थंड पडली की ऑक्सिमीटर चुकीचे आकडे दाखवतो. तेही लिहून ठेवते. ज्याला पटेल त्याने घ्यावं. मला पूर्ण पटत नाही.

आबा आहेत. नळी आहे, मशीन आहे, कुरकुर आहे. दोरा त्यांच्याकडेच आहे. पप्पा एकदा चिडून म्हणाले, "आपल्या घरात गंडेदोरे?" आबा म्हणाले, "गंडा नाही रे. सूत आहे." विषय संपला.  मी सुईत दोरा ओवताना तो तोंडात धरत नाही. एवढाच फरक माझ्यात, वरून दिसणारा.

गेल्या आठवड्यात दिनेशचा फोन आला. व्हॅन रंगवायला काढली होती. पार्टिशनचं ते भोक कारागिराने लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवलं. सकाळी बघितलं तर लांबीची गोळी सोफ्यावर पडलेली. पुन्हा भरली, पुन्हा पडली.

"आमच्या बाजूला पडते गो," दिनेश म्हणाला. "म्हणजे तिकडनं..." तो घाईने पुढे बोलला. "मी म्हणतो वरून पत्र्याचा तुकडाच ठोकतो. स्क्रू मारून. तू सांग, ठोकू ना?"

मी फोन कानाला लावून उभी होते आणि माझ्या तोंडात तेलाची चव आली. खरंच आली. मला 'ठोक' म्हणायचं होतं. एवढी भ्यायलेली होते मी, अजूनही आहे. पण ज्या दारावर आमच्या माणसांसाठी एकदा पत्रा ठोकला होता, त्याच दारावर माझ्याच तोंडाने पुन्हा ठोकायला सांगणं... ते शब्द काही निघेनात.

"नको," मी म्हटलं. "राहू दे उघडं."

दिनेशने फोन ठेवला नाही. मग म्हणाला, "आणि त्या सोफ्यावर कोण बसणार?"